परवाना क्रमांक एक

एका जंगलात जागेची फार टंचाई होती. झाडं होती, माळ होता, डोंगर होता, नदी होती. तरी टंचाई होती. ती कशी, हे विचारू नका. जंगल मोठं असलं की टंचाईही त्या मानानं मोठी असते.

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट घरांची आहे. ज्यांना आईबापाच्या घरात फुकट राहायला मिळतं, त्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

त्या जंगलात केरबा नावाचा एक साळिंदर राहत होता. टेकडीच्या पोटात त्याचं बीळ होतं. बापानं सुरू केलं आणि त्यानं पुरं केलं. वर मुरूम, खाली काळी माती. उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार. आत दोन ऐसपैस खोल्या. केरबानं शिक्षण घेतलं नव्हतं. नखं मात्र घेतली होती, आणि ती वापरली होती.

बायको वारली. पोरं मोठी झाली आणि आपापल्या टेकड्यांना लागली. बीळ मोठं आणि केरबा एकटा. म्हणून त्यानं भाडेकरू ठेवले.

पहिली आली एक म्हातारी घोरपड. तिला सगळे आजी म्हणत. मग दगडू नावाचं एक उदमांजर आलं. शेवटी आली चंद्री मुंगशी. ती पोटुशी होती आणि तिचा नवरा सापाशी भांडताना गेला होता. ती दारात येऊन उभी राहिली तेव्हा केरबानं तिला एवढंच विचारलं होतं, "घोरतेस का?"

"नाही."

"मग ये."

भाडं असं काही नव्हतं. बाहेर पडताना प्रत्येकानं पंजाभर माती उचलायची आणि ती लांब नेऊन टाकायची. त्यामुळे बीळ बुजत नसे आणि कोणावर उपकारही होत नसत. उपकार केरबाला आवडत नसत. करायलाही नाही आणि घ्यायलाही नाही.

आता तुम्ही विचाराल, खोल्या दोन आणि राहणारे चार, ते कसं? तुम्ही विचारणार नाही, पण विचारायला हवं.

सोपं होतं. केरबा आणि दगडू रात्री हिंडत आणि दिवसा झोपत. चंद्री आणि आजी दिवसा हिंडत आणि रात्री झोपत. एका खोलीत आजी आणि केरबा, दुसऱ्या खोलीत चंद्री आणि दगडू. एक उठला की दुसऱ्यानं त्याच जागेवर आडवं व्हायचं. गवताचं अंथरूण कधी गार पडत नसे. दिवस मावळताना पाळी बदलायची. तेवढा एक वेळ चौघं बिळात एकत्र असत. मग दाराशी बसून थोडं बोलणं होई, थोडी थट्टा होई, आणि जाणारे जात, झोपणारे झोपत.

"दगड्या, माझ्या अंथरुणात काल जांभळाच्या बिया सापडल्या," चंद्री म्हणे.

"मग माझ्या अंथरुणात सापाची कात सापडते ती कोणाची?" दगडू म्हणे.

"जागा एकच आहे," आजी म्हणे. "दोघांनी मिळून झाडा."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललेलं कोणाला बघवत नाही हे खरं. पण या गोष्टीत तसंही नाही. या गोष्टीत सगळ्यांचा हेतू चांगला होता. म्हणूनच सांभाळून ऐका.

त्याच जंगलात ओढ्याच्या पलीकडे तरसशेटची गुहा होती. तोही भाडेकरू ठेवायचा. गुहा मोठी, दार रुंद, बोलणं गोड. सशाचं एक कुटुंब तिथं राहायला गेलं आणि पुन्हा दिसलं नाही. मग एक भेकर गेलं. मग दोन लांडोरी बहिणी गेल्या.

"कुठं गेले सगळे?" लोकांनी विचारलं.

"गावाला," तरसशेट म्हणाला आणि त्यानं मिशा पुसल्या.

जंगलात कुजबुज झाली. कुजबुजीचा आवाज झाला. आवाज वाढला तेव्हा वनपालिकेची सभा भरली.

वनपालिकेचा अध्यक्ष होता गवा. सभासद होते सांबर, नीलगाय आणि टिटवी. गवा कुठंही उघड्यावर बसतो. सांबर झाडाखाली उभं राहतं. नीलगाय माळावर झोपते. टिटवी तर अंडीसुद्धा भर उन्हात खड्यांवर घालते. थोडक्यात, सभेतल्या कोणालाच घर नव्हतं. त्यामुळे घरांचे नियम अगदी निःपक्षपातीपणे करता आले.

ठराव एकमतानं झाला. जो कोणी आपल्या घरात परक्याला राहायला ठेवील, त्यानं परवाना घ्यावा. एका खोलीत एकच प्राणी असावा. प्रत्येक खोलीला खिडकी असावी. घर स्वच्छ असावं. भाडेकरूंची तक्रार नसावी. परवाना नसेल तर भाडेकरूंना बाहेर काढून सुरक्षित घरी हलवावं. घरच्या माणसांना हा नियम लागू नाही.

टिटवीला तपासनीस नेमलं. आपण घरात कधी राहिलो नाही, त्यामुळे आपल्यावर घराचा दबाव येणार नाही, असं ती म्हणाली. सभेनं पाय आपटून तिचं अभिनंदन केलं.

ही बातमी केरबाच्या दारापर्यंत आली ती पाळी बदलायच्या वेळी.

"मी परवाना घेणार," केरबा म्हणाला.

"कशाला?" दगडूनं विचारलं. "कोणी मागितलाय का तुमच्याकडे?"

"मागितल्यावर देतो तो चोर. न मागता दाखवतो तो खरा."

"केरबादादा," चंद्री म्हणाली, "आमच्यात म्हणतात, झोपलेल्या सापाला शेपटी धरून उठवू नये. आणि आम्ही साप खातो, तरी म्हणतो."

"आपल्या घरात काय वाकडं आहे?"

"वाकडं काही नाही. म्हणून तर जाऊ नका म्हणते. वाकडं असतं तर तुम्ही गेलाच नसता."

केरबा फुरफुरला. त्याच्या पाठीवरचे काटे खडखडले. तो जन्मात कधी खोटं बोलला नव्हता. त्याला त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, माजच होता म्हणा. खरं बोलणाऱ्याला एक खोड असते. आपलं खरं कोणीतरी तपासावं असं त्याला फार वाटतं.

सकाळी झोप मोडून तो वनपालिकेत गेला. टिटवी एका दगडावर उभी होती.

"परवाना पाहिजे," केरबा म्हणाला.

टिटवीनं त्याला वरून खाली पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"केरबाजी, सगळ्या जंगलातून तुम्ही एकटेच आलात."

"बाकीचे?"

"बाकीच्यांनी कळवलं नाही, त्यामुळे ते भाडेकरू ठेवतात की नाही, हे वनपालिकेला माहीतच नाही. तुमचं मात्र आता माहीत झालं. उद्याच तपासणीला येते."

केरबा ताठ मानेनं घरी आला. साळिंदराला मान ताठ ठेवणं जड जातं. काटे मागे ओढतात. तरी त्यानं ठेवली.

दुसऱ्या दिवशी टिटवी आली. तिला दिवसभर सवड नव्हती, म्हणून दिवस मावळताना आली. म्हणजे नेमकी त्या वेळी, जेव्हा चौघंही घरात होते. चंद्री आणि आजी बाहेरून येऊन टेकल्या होत्या. केरबा आणि दगडू अंग झटकून उठत होते.

टिटवी दारातच किंचाळली. टिटवीचं बोलणंच तसं असतं. तरी चौघं दचकले.

"हे काय? दारात हाडं?"

दाराशी हाडांचा ढीग होता, हे खरं. साळिंदराचे दात जन्मभर वाढतात. ते झिजवायला तो मेलेल्या जनावरांची जुनी, वाळलेली हाडं गोळा करून आणतो आणि फावल्या वेळात कुरतडतो. हे जंगलात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. टिटवीला ठाऊक नव्हतं, कारण ती शिकलेली होती.

"दात घासायला आहेत," केरबा म्हणाला.

"कोणाची आहेत?"

"मेलेल्यांची."

"ते दिसतंच आहे," टिटवी म्हणाली आणि जरा लांब उभी राहिली. "स्वच्छता नाही. आत किती जण राहतात?"

"चार."

"खोल्या किती?"

"दोन."

"एका खोलीत एकच प्राणी असावा, असा नियम आहे."

"एका वेळी एकच झोपतो. आम्ही दोघं रात्री बाहेर. या दोघी दिवसा बाहेर."

"नियमात वेळ लिहिलेली नाही."

"बाई, उन्हं असताना या, एका खोलीत एकच झोपलेला दिसेल. चांदण्या निघाल्यावर या, तेव्हाही एकच दिसेल."

"मी आत्ता आले आहे," टिटवी म्हणाली. "आणि मला आत्ता चार दिसताहेत. चारच ना?" तिनं चंद्रीच्या पोटाकडे पाहिलं. "ही पोटुशी आहे?"

"हो," चंद्री म्हणाली.

"आत किती आहेत?"

"आता मला काय माहीत? बाहेर आल्यावर मोजेन."

"नोंद रिकामी ठेवता येत नाही. अंदाजे सहा धरते. म्हणजे एकूण दहा." टिटवीनं मान हलवली. "दोन खोल्यांत दहा प्राणी. केरबाजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अजून जन्मले नाहीत ते!"

"म्हणूनच त्यांची काळजी करायची. ते स्वतः तक्रार करू शकत नाहीत." तिनं आत डोकावलं. "आणि खिडकी कुठं आहे?"

दगडू हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

"बिळाला खिडकी नसते," केरबा म्हणाला.

"मग हवा?"

"दारातून येते."

"आणि उजेड?"

"उजेड नको म्हणूनच आम्ही बीळ खोदतो."

टिटवीला केरबाची कीव आली. "बघा," ती समजावून म्हणाली, "तुम्ही प्रामाणिक आहात, म्हणून लगेच सील लावत नाही. अमावस्येपर्यंत मुदत देते. हाडं हलवा. प्रत्येक खोलीला खिडकी पाडा. आणि दोन भाडेकरू कमी करा."

"कोणते?"

"ते तुम्ही ठरवायचं. वनपालिका घरगुती बाबतीत पडत नाही."

ती उडून गेली. त्या दिवशी दाराशी कोणी कोणाची थट्टा केली नाही.

"मी शेवटी आले," चंद्री म्हणाली. "नियमानं मीच जायला हवं."

"कुठं जाशील?" आजीनं विचारलं.

चंद्रीचे दिवस भरत आले होते. मुंगसाची पिल्लं आंधळी जन्मतात. उघड्यावर ती सकाळ पाहत नाहीत. पाहायला डोळेही नसतात आणि सकाळही होत नाही. हे तिला माहीत होतं आणि केरबालाही माहीत होतं.

"आधी हाडं हलवू," केरबा म्हणाला. "मग खिडकी पाडू. एवढं केल्यावर बाकीचं त्यांनाच समजेल."

मुलांनो, शहाणा माणूस कसा फसतो ते पाहा. तो समजतो, आपण अर्धं ऐकलं की समोरचा अर्धं सोडेल.

केरबानं हाडं लांब टाकली. त्याचे दात वाढू लागले आणि जेवताना तोंडात टोचू लागले. मग त्यानं चंद्रीच्या खोलीला खिडकी पाडली. बापानं सांभाळलेल्या मुरमाला भोक पाडताना त्याला कसंसंच झालं. पण खिडकी झाली. त्यातून हवा आली. उजेड आला. आणि पहाटे केरबा चरून परतत होता तेव्हा त्याला दिसलं, त्यातून तरसशेटही आला होता.

सगळा नव्हता आला. नाक आणि जबडा आत गेला होता. मागचा भाग बाहेर होता आणि शेपूट हलत होती. आतून चंद्रीचं फिसफिसणं ऐकू येत होतं.

साळिंदर कधी तोंडानं भांडत नाही. केरबानं पाठ फिरवली, काटे उभारले आणि उलट्या पायांनी धावत गेला. तरसशेटनं दचकून तोंड बाहेर काढलं, ते नेमकं काट्यांवर. हसणं कोणतं आणि रडणं कोणतं, हे तरसाच्या बाबतीत नेहमी कळत नाही, पण त्या पहाटे ते सगळ्या जंगलाला कळलं.

केरबा खिडकीशी धावला.

"लागलं का ग?" त्यानं भोकातून विचारलं.

"नाही," चंद्री आतून म्हणाली. "मिशीला मिशी लागली. शी! काय वास मारतो मेला!"

ऊन वर येण्याच्या आत केरबानं खिडकी बुजवली. वर दगड बसवला. दगडावर माती लिंपली. दुसऱ्या खोलीची खिडकी त्यानं पाडलीच नाही.

इकडे तरसशेट सुजलेलं नाक घेऊन थेट वनपालिकेत गेला. नाकात काटे तसेच होते. त्यानं ते मुद्दाम काढले नव्हते.

"साहेब, मी एक साधा नागरिक," तो गव्याला म्हणाला. "केरबाजींनी नवी खिडकी केली असं ऐकलं. कौतुकानं बघायला गेलो. वायुवीजन कसं आहे ते पाहत होतो. तर त्यांनी हे केलं."

गव्याला वाईट वाटलं. टिटवीला राग आला. तिची खिडकी होती.

"आणि वर त्यांनी ती बुजवली," तरसशेट म्हणाला.

"बुजवली?" टिटवी किंचाळली.

"मला नियमांबद्दल फार आदर आहे," तरसशेट म्हणाला. "मलाही परवाना पाहिजे. इतके दिवस नाक चांगलं होतं तेव्हा सुचलं नाही, ही माझी चूक."

टिटवी त्याच पावली त्याच्या गुहेत तपासणीला गेली. गुहा पाहून ती हरखली. दार रुंद होतं. छताला एक मोठं भगदाड होतं, म्हणजे खिडकीच. हवा खेळत होती. जमीन चाटून पुसून लख्ख होती. एक हाड नव्हतं. तरस हाडंसुद्धा चावून खातो, शिंगं नि खूर तेवढे ओढ्यात टाकतो. गर्दी तर नव्हतीच.

"भाडेकरू किती?"

"सध्या एकही नाही."

"आधी होते त्यांची तक्रार?"

"एकाचीही नाही. विचारून पाहा."

टिटवीनं जंगलभर विचारलं. जुना भाडेकरू कोणी भेटला नाही, त्यामुळे तक्रारही मिळाली नाही. तिनं इतकं निर्दोष घर कधी पाहिलं नव्हतं. तरसशेटला जंगलातला पहिला परवाना मिळाला. गव्यानं स्वतः येऊन गुहेवर पाटी लावली. पाटीवर लिहिलं होतं, "परवाना क्रमांक एक. सुरक्षित घर."

अमावस्या आली. केरबाला सभेत बोलावलं. चौघंही गेले. चंद्रीला चालवत नव्हतं. ती थांबत थांबत आली.

टिटवीनं आदेश वाचला. खिडकी नाही. असलेली बुजवली. गर्दी कमी केली नाही. नागरिकावर हल्ला केला. म्हणून परवाना नामंजूर. घरच्या माणसांखेरीज बाकी सगळ्यांनी आजच बाहेर पडावं. त्यांना वनपालिका परवाना असलेल्या सुरक्षित घरी स्वखर्चानं पोचवील.

"परवाना असलेलं घर कोणतं?" केरबानं विचारलं.

"सध्या एकच आहे," गवा म्हणाला. "तुमच्या भाडेकरूंचं नशीब चांगलं. तिथं भरपूर जागा आहे."

मागे बसलेल्या तरसशेटनं चंद्रीकडे पाहून मान लववली. मग तिच्या पोटाकडे पाहून पुन्हा लववली.

"साहेब," केरबा म्हणाला, "हा नियम का केला?"

"तरसाकडचे भाडेकरू नाहीसे होत होते म्हणून."

"मग आधी तरसाला का नाही पकडलं?"

"त्यानं अर्ज केला नव्हता. अर्जाशिवाय तपासणी होत नाही."

"अर्ज केला नाही म्हणून तरी पकडायचं."

"त्यासाठी तो भाडेकरू ठेवतो हे सिद्ध व्हायला हवं होतं. आणि त्याच्याकडे भाडेकरू एकही सापडत नव्हता."

"का सापडत नव्हता?"

गवा विचारात पडला. विचार त्याच्या कपाळापर्यंत आला आणि शिंगं पाहून परत गेला.

"ते या सभेच्या विषयात नाही," तो म्हणाला.

केरबानं चंद्रीकडे पाहिलं. ती खाली बसली होती आणि धापा टाकत होती. आजीनं तिला शेपटीचा टेकू दिला होता. केरबाच्या घशाशी एक खरं वाक्य आलं. ते फार चांगलं वाक्य होतं. जन्मभर तो अशीच वाक्यं बोलत आला होता. ते बोलला असता तर सभेत वाहवा झाली असती आणि चंद्री ओढ्यापलीकडे गेली असती.

त्यानं ते वाक्य गिळलं. वाढलेल्या दातांमुळे गिळायला त्रास झाला.

"बाई, आदेशात सुरुवातीला काय म्हणालात? घरच्या माणसांखेरीज?"

"हो. घरच्यांना नियम लागू नाही."

"मग ठीक आहे," केरबा म्हणाला. "ही माझी मुलगी आहे."

दगडूचं तोंड उघडं राहिलं. चंद्रीनं धापा टाकणं क्षणभर थांबवलं.

गव्यानं मुंगशीकडे नीट पाहिलं. "हिच्या अंगावर काटे नाहीत."

"आईवर गेली."

"आणि हा?" त्यानं दगडूकडे मान केली.

"मुलगा. थोरला."

"यालाही काटे नाहीत."

"हासुद्धा आईवर गेला. काटे एकट्या माझ्या वाट्याला आले."

दगडू पुढे झाला आणि केरबाच्या पाया पडला. पडताना त्याला एक काटा टोचला. त्यामुळे डोळ्यांत खरं पाणी आलं आणि ते सभेला फार भावलं.

गव्याची नजर घोरपडीवर गेली. घोरपड शेपटी चंद्रीमागे ठेवून सभेच्या खांबाला चारी पायांनी चिकटून बसली होती.

"आणि ही कोण?"

"सासू," केरबा म्हणाला.

गव्यानं मान हलवली. सासूबद्दल त्यानं पुढे काही विचारलं नाही.

"पण केरबाजी," टिटवी म्हणाली, "तुम्ही आधी यांना भाडेकरू म्हणाला होतात."

केरबाला खोट्याची सवय नव्हती. पण आजीनं खांबावरूनच आवाज दिला.

"म्हणणारच! जावई आहे तो. सासूला भाडेकरू म्हणण्यात त्याची हयात गेली. मुलांनाही तेच म्हणतो. घरात आयतं बसून खाता, भाडं द्या, म्हणतो. तुमच्याकडे बाप असं बोलत नाहीत का?"

सांबरानं मान डोलावली. नीलगायीनंही डोलावली. त्यांच्याकडेही बाप असंच बोलत.

"मग हे आधी सांगायचं नाही का?" टिटवी वैतागून म्हणाली. "उगाच वनपालिकेचा वेळ घेतलात. हे प्रतिज्ञापत्र. इथं पंजा उठवा."

केरबानं पाहिलं. खोटं लिहून द्यायला पान तयार होतं. कोणी तपासायला येणार नव्हतं, कोणी मोजणार नव्हतं. खरं सांगायला आला होता तेव्हा मात्र टिटवी दारापर्यंत आली होती. त्यानं पंजा सावकाश उठवला. टिटवीला वाटलं, म्हातारपण.

"बीळ घरगुती," गव्यानं जाहीर केलं. "नियम लागू नाही. खिडकीही नको."

तरसशेटनं मागे बसल्या बसल्या आवंढा गिळला.

बिळात परतल्यावर चंद्रीनं त्याच रात्री पाच पिल्लं दिली. आंधळी, गुलाबी आणि भांडखोर. आजी त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. दगडूनं आपली जागा सोडली आणि दारात झोपू लागला. केरबानं जाऊन टाकलेली हाडं शोधून आणली आणि पुन्हा दाराशी रचली.

संध्याकाळी तो एक हाड कुरतडत बसला होता. चंद्री बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, जरा सरका, माती टाकायची आहे."

"बाबा काय? इथं टिटवी नाही. दादाच म्हण."

"सवय राहू द्या," चंद्री म्हणाली. "फेरतपासणी आली तर?"

केरबा जरा सरकला.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. केरबाचं पाहून जंगलातल्या सगळ्या घरमालकांनी तेच केलं. खारीनं तीन पोपटांना पुतणे केलं. कासवानं बेडकांची अख्खी आळी दत्तक घेतली. महिन्याभरात जंगलात भाडेकरू म्हणून कोणी उरला नाही. सगळी एकत्र कुटुंबं झाली. टिटवीनं सभेत सांगितलं की भाड्याच्या घरांचा प्रश्न मुळापासून सुटला आहे. सभेनं पुन्हा पाय आपटले.

ही कीर्ती शेजारच्या जंगलात गेली. तिथल्या वनपालिकेनं नियम शिकायला आपली चार हरणं पाठवली. हुशार, तरुण, गुबगुबीत. पाहुण्यांना कुठं उतरवायचं? गव्यानं अर्थात परवाना क्रमांक एक दाखवला.

पाहुणे गुहेत गेले. पाटी पाहिली. हवा पाहिली. लख्ख जमीन पाहिली.

बरेच दिवस झाले तेव्हा शेजारच्या जंगलातून विचारणा आली, आमची माणसं कुठं आहेत?

गव्यानं तरसशेटकडे चौकशी केली आणि त्याचं उत्तर शब्दशः कळवलं. "पाहुण्यांना घर इतकं आवडलं, की ते परत गेलेच नाहीत."

तात्पर्य : ज्या घरात कोणी जिवंत राहतं, त्या घरात नियमाबाहेरचं काहीतरी सापडतंच. अगदी निर्दोष घर हवं असेल, तर तरसाकडे चौकशी करावी.